दोन नावांची काळी

गुरुवारी चारला मी जुन्या कस्टम चौकीचं कुलूप काढते.
इथे पूर्वी बॅगा उघडायला लावायचे, कॉफी हुंगून बघायचे.
आता सहा कीबोर्ड आहेत, एक कुरकुरणारा हीटर
आणि भिंतीवर दोन भाषांत तो जुना फलक :
काही जाहीर करायचं आहे का?
काढवत नाही.

झीवा पलीकडून येते, सायकलवर.
इलारिओ अलीकडून, चालत, बाहीला नाक पुसत.
मधलं कुंपण कधीच गेलं,
फक्त म्हाताऱ्यांच्या पायांत उरलंय.
तिथे आले की ते अजून क्षणभर थबकतात.

इलारिओ म्हणतो दो, झीवा म्हणते त्से.
त्याचा सी म्हणजे तिचा हा.
पहिला महिना यातच गेला.

मग काळ्या पट्ट्या.
दोवरून अर्धी पायरी चढलात तर शार्प,
रेवरून अर्धी उतरलात तर फ्लॅट,
पट्टी तीच, मी म्हणते,
आणि झीवा बोटं मोजू लागते :
दो दिएझिस, रे बेमोले, त्सिस, देस.
"एकीला चार नावं?"
"आपल्या गावालाही तेवढीच आहेत,"
मागच्या बाकावरून सिल्वान.

सिल्वान एकाहत्तर वर्षांचा. नातीला सोडायला आला
आणि बसला तो बसलाच.
नात दुसऱ्या आठवड्यात पोहायला जाऊ लागली.

मी आणि फाच्या मध्ये काळी का नाही?
हा प्रश्न दरवर्षी येतो.
तिथे दोन घरांना एकच भिंत, असं सांगते.
"कोणी बांधली?"
माहीत नाही.
हे दोन शब्द म्हणायला शिकायला मला तीस वर्षं लागली.

स्केलसाठी त्यांना मागच्या जिन्यावर नेते.
पूर्ण, पूर्ण, अर्धी, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्धी.
एक पायरी शिपायांच्या बुटांनी झिजून अर्धी झालेली,
दुसरी मी विटा लावून केली.
बोरा वारा सुटलेला, शेजारच्या झाडावर काकीची नारिंगी फळं,
आणि मुलं मोठमोठ्याने चढतायत.
इलारिओ हमखास विटांवर अडखळतो.
चालेल. तिथे अडखळलेलं बरं,
बोटांना आपोआप कळतं.

फापासून निघालो तेव्हा भांडण झालं.
फा, सोल, ला, आणि मग काळी.
"ला शार्प!" इलारिओ.
नाही. ला एकदा जेवून उठला,
त्याला पुन्हा वाढायचं आणि सीला उपाशी ठेवायचं?
पंगतीत प्रत्येकाचं पान एकदाच.
म्हणून इथे ती सी फ्लॅट.
"पण आवाज तोच येतो!"
हो, आवाज तोच येतो.

वर्ग सुटला. सिल्वान कोट न घालता थांबला.
म्हणाला, माझे वडील वोदोपिवेत्स. पाणी पिणारा.
एका सकाळी कचेरीतून कागद आला,
उद्यापासून बेविलाक्वा.
अर्थ तोच. पाणीही विहिरीचं, तेच.
शाळेत हजेरीला ते दोन हाका थांबून मग "हजर" म्हणायचे.
बाप्तिस्म्याच्या वहीत एक नाव, दगडावर दुसरं.
आता तुम्ही सांगा, यातलं खरं कुठलं?

मी शिक्षिका. माझ्याकडे उत्तर होतं :
कुठून निघालात त्यावर.
तोंडाशी आलं होतं. गिळलं.
ते स्केलचं उत्तर होतं.

त्याने ती काळी दाबली, दो आणि रेच्या मधली.
दमट हवेत ती खाली गेली की खालीच राहते,
सूर संपतच नाही.
दुरुस्तीवाल्याला दोनदा फोन केलाय मी,
पलीकडच्याही, अलीकडच्याही.

सिल्वानने नखाने ती अलगद वर उचलली.
पुन्हा दाबली.
पुन्हा उचलली.

मी हीटर बंद केला
आणि किल्ली हातात घेऊन दाराशी थांबले.